भाऊजींचा वायरलेसचा परवाना

आमच्या भाऊजींइतका निर्भय माणूस अख्ख्या गिरगावात झाला नाही, असं मी आजही छातीठोकपणे सांगेन. फक्त बायकोचं नाव घ्यायची वेळ आली की या वाघाची शेळी व्हायची. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी बंदराजवळच्या एका कचेरीत कारकुनाची, पण मनाने पक्के दर्यावर्दी. एका जुन्या जहाजावरची टाकाऊ होडी त्यांनी पैदा केली, तिला शीड लावलं आणि भाऊच्या धक्क्याला बांधून ठेवली. घरात पंचांगाशेजारी भरती-ओहोटीचं कोष्टक टांगलेलं असे आणि दोहोंत मतभेद झाला तर भाऊजी कोष्टकाची बाजू घेत. माझ्या लग्नाचा मुहूर्तही त्यांनी त्यात ताडून पाहिला आणि "ऐन ओहोटीला अक्षता? गुरुजी, विचार करा," असं म्हणून भटजींना घाम फोडला. लग्न ओहोटीलाच लागलं. तेव्हापासून घरात माझी जी ओहोटी सुरू झाली ती आजतागायत चालू आहे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चौपाटीवरच्या सभेत भाऊजींची घोषणा शेवटच्या रांगेतून थेट व्यासपीठापर्यंत पोचायची. पण त्या पिढीतल्या पुष्कळ नवऱ्यांप्रमाणे घरात ताईला हाक मारताना ते "अगं ए"च्या पुढे कधी गेले नव्हते. होडीच्या खरेदीवरून ताई रागावली, तेव्हा तिची समजूत काढायला त्यांनी होडीला तिचंच नाव दिलं, 'सुमती'. रंगाऱ्याकडून ते ठळक अक्षरांत लिहून घेतलं, आणि मग स्वतः मात्र होडीला "आपली ती" म्हणत राहिले.

एका रविवारी वारा पडला आणि आम्ही दोघं दिवसभर पाण्यात अडकून पडलो. मी मोठ्या ऐटीत दर्याची मजा लुटायला गेलो होतो. प्रत्यक्षात काठावरून वाकून सकाळचे पोहे माशांना अर्पण करण्यापलीकडे माझ्या हातून काही झालं नाही. दिवेलागणीला कसेबसे परतलो, तर ताई धक्क्यावर उभी. तिने एवढंच सांगितलं, "वायरलेस नाही, तर होडी नाही." भाऊजींनी निमूटपणे चोरबाजारातून लढाईतला एक जुना संच आणला.

तोवर हौशी होडीवाल्यांचं सोपं होतं. पुस्तक वाचून लेखी पेपर दिला की वायरलेसवर बोलायचा परवाना मिळे. आमचं नशीब असं की नेमका तेव्हाच नियम बदलला. आता वर्गात बसून शिकायचं आणि शेवटी परीक्षकासमोर बोलून दाखवायचं. "आधी मुंबईसह महाराष्ट्र द्या म्हणावं, मग आम्हाला बोलायला शिकवा," भाऊजी गरजले. पण वर्ग सुरू झाला तेव्हा पहिल्या बाकावर तेच होते. शेजारी मी, इंग्रजी बरं असल्याच्या गैरसमजामुळे. संकटात हाक कशी मारायची याचा नियम साधा होता: बटण दाबून होडीचं नाव तीनदा घ्यायचं, काय झालंय ते सांगायचं, बटण सोडायचं आणि गप्प राहून उत्तराची वाट पाहायची.

घरी उपडी वाटी तोंडापुढे धरून तालीम सुरू झाली. नावापाशी आले की भाऊजींना खोकला येई. "घ्या की हो," स्वयंपाकघरातून ताई म्हणे, "मी काय गिळणार आहे तुम्हाला?" भाऊजींच्या कानाच्या पाळ्या लाल होत. अशा वेळी माझ्या सुपीक डोक्यातून सल्ला निघाला. "भाऊजी, चारचौघांत नाव उखाण्यात घेतात. तुम्ही तसंच घ्या, म्हणजे जीभ अडणार नाही."

त्यांनी परीक्षेत खरंच उखाणा घेतला. बटण दाबून, खणखणीत आवाजात: "दीपगृहाच्या दिव्याला लाटांची साथ, सुमती बुडते आहे, द्या हो कुणी हात."

परीक्षक मराठीच होते. ते म्हणाले, "अहो, यमक जुळेपर्यंत होडी तळाला जाईल. पुढल्या खेपेला या. तेव्हाही जमलं नाही, तर संच सील करावा लागेल." माझी गत याहून वाईट. घरात किंवा कचेरीत माझं बोलणं कुणी पुरतं ऐकून घेत नाही. बटण दाबून धरलं की पलीकडच्याला मध्ये तोंड घालता येत नाही, असं यंत्र आयुष्यात प्रथमच हाती आलं होतं. मी ते सोडलंच नाही. शेवटी परीक्षकांनी उठून येऊन माझा अंगठा बाजूला केला.

त्या संध्याकाळी होडी गेलीच असं धरून भाऊजी सुतक्यासारखे बसले. ताईने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "उद्या खरंच मी बुडायला लागले, तर 'अगं ए' म्हणून ओरडणार? अहो, कोण येईल त्या हाकेला?" भाऊजींनी ताट ओढून घेतलं आणि जेवायला लागले.

दुसऱ्या खेपेला ताई सोबत आली आणि माझ्याशेजारी बाहेरच्या बाकावर बसली. दाराआडून भाऊजींचा आवाज आला, सभेतला नव्हे, वेगळाच. "सुमती, सुमती, सुमती." पुढचं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि बटण सोडलं. ताईने तोंडाला पदर लावला. हसत होती की आणखी काही, मला कळलं नाही. परवाना मिळाला. मी काही पुन्हा परीक्षेला बसलो नाही. होडीत वजन म्हणून बसायला परवाना लागत नाही.

ताईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. महाराष्ट्र मिळाला, होडी विकली, संच माळ्यावर पडलाय. परवा भेटायला गेलो तेव्हा भाऊजी गॅलरीत पाठमोरे बसले होते. मला वाटलं, कुणाशी तरी बोलताहेत. "सुमती, सुमती, सुमती," ते हळूच म्हणाले आणि हातातली चिवड्याची वाटी खाली ठेवून गप्प झाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यांनी मागे न बघताच हात वर केला.

"थांब रे जरा," ते म्हणाले. "तिला बोलू दे."