आईच्या नावातली रेघ

दोम्नाताई कुणाच्याही कॉम्प्युटरला हात लावत नाही. हात खिशात घालून खुर्चीत बसते आणि म्हणते, "यंत्र तुझं, बोटं तुझी. मी नुसती बघते." पार उत्तरेच्या बर्फातल्या आमच्या सेवेत्तियार्वी गावात तळ्याकाठी कुणाचा डबा रुसला, की हाक तिलाच जाते. जन्मभर शाळेच्या वसतिगृहात रांधलं बाईनं. कॉम्प्युटर शिकली ती निव्वळ रागानं, कारण आमच्या स्कोल्ट सामी भाषेची अक्षरं त्यावर उमटेनात. "माझी भाषा लिहिता येत नाही म्हणजे काय!" म्हणाली आणि बसली ठाण मांडून. मला तिचा फार अभिमान आहे, उगाच कशाला लपवू?

गेल्या हिवाळ्यात तिला आमच्याकडे यावं लागलं, कारण माझ्या नवऱ्यानं, वास्सीनं, अक्कल पाजळली होती. नातीचं लग्न शनिवारी. त्यात त्यानं आपल्या आईचं ल्युद्द म्हणायचं ठरलेलं. ल्युद्द म्हणजे एका माणसाची सगळी हकिगत सांगणारं गाणं. सासूबाईंचं ल्युद्द आता एकट्या वास्सीला येतं, आणि त्यातली मधली एक ओळ तो विसरला. तिथं येऊन अडकायचा आणि माझ्यावर खेकसायचा. जुन्या टेपवरचं सासूबाईंचं गाणं आमच्या कॉम्प्युटरमधल्या दुसऱ्या डिस्कवर होतं. नेमकं तेव्हाच या शहाण्यानं कॉम्प्युटरची जुनी प्रणाली काढून नवी भरली. या नवीला कुठली डिस्क जोडायची ते नाव टाइप करून सांगावं लागे, आणि ती डिस्क काही केल्या उघडेना.

"गेली! आई गेली माझी दुसऱ्यांदा!" वास्सी म्हणाला.

"गप रे वास्या," दोम्नाताईनं कॉम्प्युटरच्या खोक्याला कान लावला. "फिरतेय. जिवंत आहे. आता पडद्यावर काय म्हणतंय ते वाच."

"या नावाची डिस्क सापडत नाही म्हणे. खोटारडा! हे बघ, यादीत वर डिस्क दिसतेय. नाव आई. आणि खाली ती जोड म्हणून मी टाइप केलेल्या ओळीतही आई. आंधळा आहे का हा?"

आमच्याकडे आईला येअ‍ॅन्न म्हणतात. लिहिताना मधे एक बारीकशी तिरकी रेघ येते, उच्चार मऊ करणारी.

"वाचू नकोस. एकेक अक्षर सांग."

"ताई, मला काय बालवाडीत घातलंयस?"

"घातलंय. सांग."

तो रेघेपाशी आला. "आणि ही आपली रेघ."

"कुठली आपली? अक्षरं मोठी कर."

त्यानं मोठी केली. वरच्या नावातली रेघ कललेली, खालच्या नावातली ताठ. घाईत त्यानं साध्या कळफलकावरचं, परक्या भाषेचं चिन्ह ठोकलं होतं. आमच्यातले अर्धे लोक हेच करतात; वाचणारा चालवून घेतो. यंत्र घेत नाही.

"यंत्राचं चुकलं नाही," दोम्नाताई म्हणाली. "तू आईचं नाव चुकवलंस. नीट लिही."

वास्सीचा चेहरा उतरला. त्यानं खरी रेघ शोधून घातली, यंत्राला पुन्हा जोडायला सांगितलं, आणि डिस्क उघडली! मी टाळ्याच पिटल्या. तो गाणं लावणार, तोच ही बया म्हणते, "थांब. आधी दुसरीकडे प्रत काढ."

"अगं, ऐकू दे की त्याला! दगड आहेस का?" मी ओरडलेच.

"जुनी डिस्क आहे. ऐकता ऐकता मेली तर तूच माझ्या नावानं बोटं मोडशील. चहा टाक."

टाकला. वाळवलेलं रेनडिअरचं मांस चघळत ती खुशाल बसली, आणि वास्सी पडद्याकडे डोळे लावून. प्रत पुरी झाल्यावरच तिनं मान हलवली.

सासूबाईंचा आवाज आला. काय खणखणीत आवाज होता बाईंचा! गात गात त्या ओळीपाशी आल्या आणि थांबल्या. हसल्या. "अगं बाई, विसरले की. वास्या, तू म्हण रे."

आणि एका लहान पोरानं ती ओळ म्हटली, न अडखळता.

वास्सी स्वतःलाच ऐकत होता. मी रडत होते, दोम्नाताईही रडत होती. "परत लाव," ती म्हणाली.

त्यानं परत लावलं, आणि त्या पोराबरोबर तो गायला.