खुंटीवर राहिलेला बिल्ला

दोन चादरींच्या घड्या झाल्या होत्या, तिसरी अर्धी हातात होती, तेवढ्यात सासूबाईंच्या खोलीतून आवाज आला, "आई, गोळी घेतलीस का गं?"

आवाज माझ्या धाकट्या दिरांचा. पण भावजी तर माझ्यासमोर, जेवणाच्या टेबलाशी कॉम्प्युटर उघडून बसलेले. आणि सासूबाईंना जाऊन दीड महिना झाला.

रोज चार वाजता असंच. आधी त्यांच्या पलंगाजवळचा दिवा लागतो, मग हा प्रश्न, मग अर्ध्या तासानं पुन्हा, जरा मोठ्यानं. मी देवाचं नाव घेते आणि हातातलं काम करत राहते. आज मात्र चादर हातातून सुटली.

भावजींबद्दल या वहीत कधी नीट लिहिलं नाही. लहानपणापासून त्यांचं नाव खटपट्या. दारावरची घंटा सरळ वाजतेय, हे यांना बघवतच नसे. अकरा वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, कामावरून आल्यावर शिकून कॉम्प्युटरला हुकूम सोडायची विद्या मिळवली, नोकरी सोडली आणि एका मैत्रिणीबरोबर भागीदारीत हे काम काढलं. घरातले दिवे, पंखे, कुलपं, गॅस यांना काय करायचं ते कोणीही साध्या वाक्यात लिहावं, 'दार उघडलं तर दिवा लाव', आणि घरानं ते ऐकावं. पहिलं घर आमचंच. सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी निघाल्या सासूबाई. "सून नाही ऐकत, पंखा तरी ऐकतो," असं मला ऐकवून स्वतःच हसत बसायच्या.

घरात कोण आहे हे घराला किल्लीच्या बिल्ल्यावरून कळतं. बिल्ला दाराबाहेर गेला म्हणजे माणूस गेलं. सगळे गेले की घर रिकामं, मग गॅस आपोआप बंद. यात भावजींनी लिफ्टवाल्यांचा नियम घातला: माणूस बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत तो आतच आहे असं धरायचं.

सासूबाईंना नेलं तेव्हा त्यांचा बिल्ला खुंटीवरच राहिला. त्या दिवशी कोणाला सुचणार? त्यामुळे कॉम्प्युटरच्या पडद्यावर अजून हिरवा ठिपका आहे आणि त्यापुढे 'आई घरात'. म्हणून चार वाजले की घर भावजींच्या भरून ठेवलेल्या आवाजात त्यांना गोळीची आठवण करतं.

चादर उचलते आहे तोच भागीदारणीचा फोन आला. भावजींनी तो स्पीकरवर टाकून टेबलावरच ठेवला.

"काल तुम्ही सगळे बाहेर होतात आणि गॅस चालू राहिला. तुझं घर रिकामंच होत नाहीये. सोमवारी आपलं काम बघायला माणसं येणार आहेत, काय दाखवणार त्यांना?"

"बघतो."

"महिनाभर बघतोयस. मी इथूनच नाव काढून टाकू का?"

"हात लावू नकोस!" भावजी इतक्या जोरात ओरडले की मीच दचकले.

तिकडून हळूच, "बरं. पण उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी असं झालं, तर त्यांना काय सांगायचं?"

फोन ठेवून भावजी म्हणाले, "वहिनी, बटण लिहून तीन आठवडे झालेत. 'व्यक्ती कायमची गेली.' दाबवत नाही. तुम्ही दाबता?"

"मी नाही बाई. आधीच माझ्या अंगावर काटा येतो. परवा तर राहवलं नाही, खोलीत जाऊन सांगून आले, 'घेतली हो, घेतली.' तेव्हा कुठे पुन्हा विचारायचं थांबलं."

भावजींचा चेहरा पांढरा पडला. "ते तुम्ही होतात?"

"म्हणजे?"

"नोंद आली होती. 'आईने गोळी घेतली.' कोण बोललं ते नंतर ऐकायची सोय आहे, पण मी मुद्दामच ऐकलं नाही. दोन दिवस..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका शब्दानं मी त्या लेकाला दोन दिवस कुठे फिरवून आणलं होतं! मी म्हटलं, "भावजी, बटण राहू द्या. त्या रोज जशा बाहेर पडायच्या, तसंच त्यांना घेऊन जा."

ते उठले. खुंटीवरचा बिल्ला काढला, मुठीत धरला आणि दार ओलांडलं. घर त्यांच्याच आवाजात म्हणालं, "आई, सावकाश जा हं."

आतला दिवा विझला. ठिपका करडा झाला.

साडेचार वाजून गेले, तरी खोलीतून काही आलं नाही. भावजी पायरीवरच उभे. बिल्ला आत आणला तर घर 'आई आली' म्हणेल, म्हणून उंबऱ्याच्या आत यायला धजेनात. "बटण सोमवारी दाखवीन," म्हणाले, "लोकांना लागेल."

मग डोळे पुसून, बाहेरूनच, "वहिनी, आईच्या न फोडलेल्या गोळ्यांची पाकिटं द्या. औषधाच्या दुकानात परत करून येतो."