अण्णांचे मुके कर्णे

आमच्या परभणीच्या घरी पाहुणा आला की आधी कर्णे हलवावे लागायचे, मग सतरंजी अंथरायची. कर्णे म्हणजे रेडिओचे जुने भोंगे. आवाज रेडिओच्या पोटातूनच यायला लागला त्याच्या आधीचे. त्या जमान्यात रेडिओ वेगळा असायचा आणि त्याचं तोंड वेगळं असायचं, दोन तारांनी जोडलेलं. आमच्याकडे एकाची मान बगळ्यासारखी वाकडी होती. एकाला लाकडाच्या पाकळ्या होत्या. एक तर भोंगाच नव्हता, नुसता घड्या घातलेल्या कागदाचा गोल पंखा, मधोमध एक बारीक सळई, आणि म्हणे ह्यातून गाणं येतं. यायचंही.

माझे वडील, अण्णा, मुन्सफ कोर्टात पेशकार होते. साक्षीदार बोलेल ते ऐकून भराभरा लिहून घ्यायचं, हे त्यांचं काम. त्याला आमच्याकडे इजहार म्हणायचे. पोलीस ॲक्शननंतर कितीतरी कोठ्या रिकाम्या झाल्या, सामान हर्राशीत, म्हणजे लिलावात निघालं. लोक पलंग घ्यायचे, हंडे घ्यायचे. अण्णा भोंगा घेऊन यायचे. मानवतच्या एका जिनिंगवाल्याकडून बगळा आणला. चारठाण्याला देवळं बघायला गेले आणि येताना मोटारीच्या टपावर पाकळ्यांचा कर्णा बांधून आले. देवळं कशी होती ते आजतागायत कुणाला सांगितलं नाही. आई म्हणायची, माणसं दागिने जमवतात, आमच्याकडे तोंडं जमवायलेत. एका कर्ण्यात मांजर व्यालं तेव्हा तर ती तीन आठवडे त्याच्यावरून ऐकवत होती.

मी बारा वर्षांचा असताना काकांकडे हैदराबादला शिकायला गेलो होतो. बी.ए. होऊन परत आलो आणि इथल्याच हायस्कुलात मास्तर झालो. सुट्टीत यायचो तेव्हा चार दिवस राहायचो, लक्षात काही यायचं नाही. आता रोज एका छपराखाली राहायला लागलो आणि दोन महिन्यांत कळलं की अण्णांना ऐकू येत नाही.

कळलं ते कर्ण्यांमुळेच. नवा कर्णा आणला की अण्णा तो आमच्या बॅटरीच्या रेडिओला जोडायचे आणि कान लावून बसायचे. मी खोलीच्या ह्या टोकाला पोरांच्या वह्या तपासत असायचो. मला स्वच्छ ऐकू यायचं, सारंगीचा एकेक सूर. आणि अण्णा मान हलवून म्हणायचे, "दम न्हाई ह्याच्यात."

मग स्क्रू. ह्या कर्ण्यांच्या बुडाशी एक डबी असते. तिच्यात लोहचुंबक आणि त्याच्यासमोर पातळ पत्र्याची चकती. चकती थरथरते, आवाज होतो. खालचा स्क्रू पिळला की चुंबक चकतीच्या जवळ जातो आणि आवाज वाढतो. केसभर जास्त पिळला की चकती चुंबकाला चिकटते, आणि कर्णा मुका. वीस-वीस, तीस-तीस वर्षं धड राहिलेले कर्णे अण्णांनी असे पिळून मुके केले. टक् असा आवाज यायचा, तोही मलाच. बगळा गेला, पाकळ्यांचा गेला. पंख्याची सळई ताणता ताणता कागद टराटरा फाटला. आणि प्रत्येक वेळी निकाल एकच, की माल खराब होता, विकणाऱ्यानं फसवलं. माझं डोकं फिरायचं. फसवणारा कोण हे मी बघत होतो ना डोळ्यांनी!

एकदा धीर करून म्हणालो, अण्णा, तुमच्या कानांना दाखवून येऊ. तर म्हणे, तूच हैदराबादेहून आल्यापासून ओठातल्या ओठात पुटपुटायलास, आधी तोंड उघडून बोलायला शीक. आईकडे गेलो तर तिनं मलाच दटावलं. घरच्या मोठ्या माणसाला असं तोंडावर बोलतात का? तिनं तिच्यापुरता मार्ग काढला होता. जेवायला बोलवायचं झालं की ताटावर वाटी आपटायची. सगळ्या गल्लीला कळायचं की पेशकारांचं पान वाढलं.

सर्वांत जास्त राग मला यायचा तो अण्णांच्या दोस्ताचा. चुडाव्याच्या स्टेशनावर तार मारणारे एक बाबू होते, तेही ह्याच नादातले. महिन्या-दोन महिन्यांनी रविवारच्या पॅसेंजरनं पोत्यात गुंडाळलेला एखादा कर्णा मांडीवर घेऊन यायचे. अंगठ्याएवढ्या यंत्राची कटकट ऐकून मजकूर ओळखणारा माणूस तो, त्याचे कान किती तयार असतील बघा. पण ह्या शौकीन लोकांचा एक रिवाज होता. ज्याच्या घरी बैठक, पहिला कान त्याचा. यजमान ऐकणार, यजमान मत देणार, आणि त्या मताला कुणी काटायचं नाही. अदब म्हणजे अदब. अण्णांनी "दम न्हाई" म्हटलं की बाबू सुपारी कातरत म्हणायचे, "जी हां पेशकारसाहेब, जरा मंदच हाय." अरे, काय मंद! बाहेर ओट्यावर बसलेली पोरं त्या गाण्यावर माना डोलवायची!

कर्ण्यांवर निभावलं असतं तर मीही गप्प बसलो असतो. पण एके दिवशी मुन्सफसाहेबांनी मला शाळेतून बोलावून घेतलं. साहेब नवीन होते, भले होते. त्यांनी मला बसवलं आणि अण्णांनी लिहिलेला एक इजहार वाचून दाखवला. सुरेख इजहार. तारीख, वार, बांध, बैलजोडी, सगळं जिथल्या तिथं. फक्त त्या साक्षीदारानं त्यातलं अर्धंअधिक सांगितलंच नव्हतं. पंचवीस वर्षं बांधाची भांडणं लिहून लिहून अण्णांना साक्षीदार काय बोलणार ते पाठ झालं होतं. ओठ हलले की ते लिहून मोकळे. वकिलांनी ओरड केली म्हणून कळलं.

साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात वरून तपासणी आहे. त्याच्या आत तुमच्या वडिलांनी स्वतः अर्ज द्यावा, कानांमुळे मला मुहाफिजखान्यात घ्या म्हणून. मुहाफिजखाना म्हणजे जुन्या दफ्तरांची खोली. तिथं ऐकायचं काही नसतं, पेन्शनीपर्यंत निवांत जातील. अर्ज आला नाही तर मला लिहून कळवावं लागेल, आणि मग त्यांना घरी बसवतील, खोटे इजहार लिहिले असा ठपका ठेवून. त्या माणसानं जन्मात कुणाची चहाची कपबशीसुद्धा फुकट घेतली नव्हती. खोटेपणाचा डाग लागला असता तर अण्णा जगले नसते, हे मी आजही सांगतो.

त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहून त्यांच्यापुढं ठेवला. अण्णांनी चष्मा लावला, सगळा वाचला, घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि एका कर्ण्याची बैठक डगमगत होती तिच्याखाली सरकवला. मग कर्णा हलवून बघितला आणि बरं झालं म्हणाले. मी डोक्याला हात लावला. दुसरा अर्ज लिहिला तो खिशातच घेऊन फिरायला लागलो. रोज काढायचा, रोज परत ठेवायचा. मुदत सरत आली तसा मी वर्गात पोरांवर विनाकारण खेकसायला लागलो. घरी आईशी भांडायला लागलो. अण्णांशी भांडायची सोयच नव्हती, त्यांना ऐकूच जायचं नाही.

तपासणीच्या आधीच्या रविवारी चुडाव्याचे बाबू आले. ह्या वेळी पोतं नव्हतं, नव्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते इतकं जपून सोडलं की आईसुद्धा बघायला आली. कर्णा होता, पण शंखासारखा, आतल्या आत वेढे घेत आलेला, कागदाच्या लगद्याचा, वर काळं रोगण. रेल्वेच्या कुण्या मोठ्या साहेबाच्या सलूनमधला, म्हणजे खास डब्यातला म्हणे. बाबूंनी तो दहा वर्षं चुडाव्याबाहेर काढला नव्हता. अण्णांनी एकदा ऐकावा, एवढीच त्यांची इच्छा.

तारा जोडल्या. रेडिओवर कुणी बाई गात होती. त्या शंखातून तो आवाज असा आला की आई दाराला टेकून तिथंच खाली बसली. अण्णांनी कान लावला. डोळे मिटले. उघडले.

"मुका हाय हा," म्हणाले, आणि हात स्क्रूकडं गेला.

मी बाबूंकडं बघितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तरी नजर अडकित्त्यावरच ठेवून ते सुपारी कातरत होते. दहा वर्षं जपलेला जिन्नस डोळ्यांदेखत मरायलाय आणि हा गृहस्थ अदब सांभाळत बसलाय! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी उठलो आणि परत आल्यापासून दोन वर्षांत जे उघड म्हणालो नव्हतो ते सगळ्यांसमोर म्हणालो.

"अण्णा, कर्णा वाजायलाय. तुमचे कान गेलेत."

आईनं तोंडावर पदर धरला. बाबूंनी मान खाली घातली. आणि अण्णा? अण्णा पाठमोरे होते. त्यांना काही पत्ताच नाही. स्क्रू पिळत राहिले. टक् झालं आणि बाईचा आवाज बंद पडला.

काय वाटलं सांगू? रडू नाही आलं, हसूही नाही आलं. ह्या माणसापुढं हात टेकावेत, बाहेर निघून जावं, पुन्हा घरात येऊ नये, असं वाटलं. एवढ्यात अण्णांनी चकती बघायला म्हणून शंख डबीवरून फिरवून काढला आणि बाजूला सतरंजीवर ठेवला. डबी हातात घेऊन ते उजेडाकडं वळले. शंखाचं बारीक टोक उघडं पडलं होतं, बोटभर. मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी तो उचलला, ते टोक अण्णांच्या कानाला लावलं, आणि पसरट तोंडात तोंड घालून ओरडलो, "तुमाला ऐकू येत न्हाई!"

अण्णा दचकले. डबी मांडीवर पडली. त्यांनी शंख ढकलला नाही. उलट दोन्ही हातांनी तो कानाशी धरला.

"ओरडू नको," ते म्हणाले. "हळू बोल."

मी हळू म्हणालो, अण्णा.

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुझा आवाज जाड झाला की रे. कधी झाला?"

माझा आवाज फुटला त्याला दहा वर्षं होत आली होती. ते बोल म्हणायचे, मान हलवून बोल म्हणायचे, आणि एवढे दिवस घर डोक्यावर घेणारा मी नुसताच शंखात श्वास सोडत बसलो. शेवटी खिशात हात घातला आणि अर्ज काढला. दुसरं काही सुचेना म्हणून तोच वाचायला लागलो. मेहेरबान मुन्सफसाहेबांचे सेवेशी, विनंती अर्ज ऐसाजे की, अर्जदाराच्या कानांस अलीकडे थोडे कमी ऐकू येत असल्याकारणाने...

अण्णांनी बोट वर केलं. कोर्टात वकील भरकटला की करायचे तसं.

"'थोडे' काढ," म्हणाले. "कोर्टात खोटं लिहून द्यायचं न्हाई."

मी दौत आणायला उठलो. पण त्यांनी माझं मनगट धरलं आणि शंख परत माझ्या तोंडासमोर आणला. आधी शेवटपर्यंत वाच, म्हणाले.