घरची भेंडी

माझ्या मेहुण्यांना जमणार नाही अशी गोष्ट जगात नाही, हे त्यांना ओळखणाऱ्या सगळ्यांनी फार पूर्वीच मान्य करून टाकलेलं आहे. कारण मान्य केलं नाही तर ते ती गोष्ट लगेच करून दाखवायला घेतात, आणि मग पाहुण्याला मुक्कामच पडतो. मान्य न करणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची धाकटी बहीण सुमन, माझी बायको. तिला जाऊन आता वर्षाच्या वर झालं. तिच्याबद्दल लिहायचं अजून मला जमत नाही, पण तिच्या भावाबद्दल लिहिता येईल असं वाटतं. तिलाही तेच जास्त आवडलं असतं. दादाची खोडी काढायची संधी तिने आयुष्यात कधी सोडली नाही.

मेहुणे सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. मुदतीच्या आधीच त्यांनी नोकरी सोडली, गिरणारे गावाच्या पुढे दीड एकर जमीन घेतली आणि वहिनींना आणि मुलीला घेऊन तिथे राहायला गेले. मीठ आणि काडेपेटी सोडून बाजारातून घरात काही येता कामा नये, असा त्यांचा बेत होता. तांदूळ घोटीहून यायचा आणि गहू वहिनींच्या माहेरून, पण तो विषय ते कोणाला काढू देत नसत. साबण मात्र घरचा होता. फेस सोडून तो साबण बाकी सगळं करायचा. एका दिवाळीला त्यांनी आम्हाला त्याच्या वड्यांचा डबा भेट दिला. सुमनने त्यातली एक वडी वाऱ्याने आपटणाऱ्या दाराखाली सरकवली आणि तिथे ती आजही चोख काम करते आहे. दंतमंजन घरचं होतं, उशांमधला सावरीचा कापूस घरचा होता, आणि खुर्च्याही घरच्या होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे आम्ही सगळे शक्यतो जमिनीवर बसायचो.

कारखाना सुटला तरी त्यांच्या अंगातून गेला नाही. सकाळी निळा बॉयलर सूट चढवून ते झाडांना पाणी द्यायला निघत, त्याला फर्स्ट शिफ्ट म्हणत. दूध देणारी गाय म्हणजे प्लांट. ती आटली की "प्लांट शटडाउनला आहे" असं शेजाऱ्यांना गंभीरपणे सांगत. खिशात जाडी मोजायचं व्हर्निअर कायम असायचं. झाडाला लागलेल्या मिरचीला ते दोन पात्यांत हलकेच धरत, डोळे बारीक करून आकडा वाचत आणि "अजून दोन दिवस" असा निर्णय देत. एकदा वहिनींनी फोडणी तापत ठेवून मिरची तोडायला हात घातला, तर हे पलीकडच्या वाफ्यातून म्हणाले, "थांब, ती अंडरसाइज आहे." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मग तेलाला सांगा थांबायला." मिरची तोडली गेली. त्या घरात शेवटचा शब्द वहिनींचा असतो, फक्त तो त्या दिवसातून एकदाच वापरतात.

या माणसाचा एकच दोष होता, आणि तो मला फार प्रिय आहे. बागेत एखादी भाजी रुसली आणि नेमके त्याच वेळी आम्ही जेवायला येणार असलो, की ते मोटारसायकल काढून गुपचूप बाजार गाठायचे आणि आणलेली भाजी घरची म्हणून वाढायचे. वाढताना तिचं वर्णन करायचे. बी कुठून मिळवलं, पहिलं फूल कधी आलं, सगळं. सुमन पहिला घास घ्यायची, सावकाश चावायची आणि म्हणायची, "दादा, हे बाजारचं." मग ते रागावायचे. आईची शपथ घ्यायला निघायचे. ती म्हणायची, "तुझं कारलं एवढं सरळ कधीपासून वाढायला लागलं? तुझ्या वेलावर आजवर एक तरी कारलं सरळ आलंय का?" दोन-तीन वाक्यं ते झुंजायचे, मग एकदम हसू फुटायचं. "लय हुशार आहे ही. दाजी, तुमचं कसं निभतं हिच्यापुढे?" बागेत खरोखर उत्तम पीक आलं तरी त्यांचा चेहरा इतका फुललेला मी पाहिला नाही, जितका पकडले गेल्यावर फुलायचा.

ती दवाखान्यात असताना ते रोज डबा घेऊन यायचे. शेवटी शेवटी तिला दोन घासही जात नव्हते. एक दिवस ते तिच्या उशाशी बसून म्हणाले, "सुमे, दिवाळीला घरी ये. सगळं पान माझ्या बागेतलं वाढतो. एक भाजी बाजारची नाय." ती डोळे मिटूनच म्हणाली, "वाढ. मी ओळखीनच." दिवाळीच्या थोडं आधी ती गेली.

वर्षश्राद्ध आपल्या शेतावर करायचं, असं त्यांनी मला उन्हाळ्यातच सांगून टाकलं. पानातली प्रत्येक भाजी घरची. गवार, तांबडा भोपळा, कारलं, भेंडी, आळूच्या वड्या. मी म्हटलं, "दादा, एखादी कमी पडली तर बाजारातून आणू." ते म्हणाले, "ती असती तर आणलीही असती, दाजी. आता नाय आणायची. पकडणारं कोणी राहिलं नाय ना."

आणि मग त्या कुटुंबाने अशी चूक केली, जी फक्त तेच करू शकतं. पावसाळ्याच्या तोंडाला जवळच्या पोल्ट्रीतून ट्रॉलीभर कोंबडीखत आलं. ते महिनोन्महिने कुजू द्यायचं असतं. ताजं असताना ते मुळं जाळतं. मेहुण्यांचं म्हणणं असं, की दूध ताजं चांगलं, भाजी ताजी चांगली, मग खत तेवढं शिळं कशाला? त्यांनी सकाळी प्रत्येक रोपाला ओंजळभर घातलं. दुपारी वहिनींना वाटलं, वन्संच्या पानाची बाग आहे, हात आखडता कशाला, त्यांनी घातलं. संध्याकाळी कॉलेजातून आलेल्या भाचीने आत्यासाठी म्हणून आपल्या वाट्याचं घातलं. कोणी कोणाला सांगितलं नाही, कारण त्या घरात प्रेमाचं काम सांगून करायची पद्धत नाही. आठवड्याभरात पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग पानं, मग देठ. मी रविवारी पोचलो तेव्हा तिघे जेवायला बसले होते आणि बाहेर बाग भाजल्यासारखी उभी होती.

"मी एकदाच घातलं हो बाबा," भाची म्हणाली.

"मी पण एकदाच," वहिनी म्हणाल्या.

मेहुण्यांनी घास खाली ठेवला. "मी पण," ते म्हणाले, आणि बोटांवर तीन ओंजळी मोजल्या. ताक पिऊन झाल्यावर त्यांनी हात धुतले, बॉयलर सूटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि जाहीर केलं, "पूर्ण लॉट रिजेक्ट. नवीन लॉट काढायचा."

जुन्या वाफ्यांत यंदा काही लावण्यात अर्थ नव्हता. ओढ्याकडेला दगडगोट्यांचा एक तुकडा तसाच पडून होता. तिथे नवी बाग धरायची ठरली. मेहुणे पहारीने दगड काढत, भाची ते बांधावर रचत असे, वहिनी ओढ्यातला गाळ घमेल्याने आणून पसरत. मला घमेलं द्यायला कोणी तयार नव्हतं. मेहुण्यांनी मला वाळूची चाळणी दिली आणि माती चाळायला बसवलं. त्या वर्षात मी जिथे जाईन तिथे लोक मला "बसा" म्हणत होते, पाणी देत होते, आणि आवाज खाली आणून बोलत होते. मला काम सांगणारं ते एकच घर होतं. "दाजी, खडा राहिला बरं का," मेहुणे लांबून ओरडायचे, "रिजेक्ट करीन." मी पुन्हा चाळायचो. माझ्या मांडीवर, चष्म्यावर माती बसायची. घरी जाऊन मला झोप लागायची.

गवार उगवली. कारल्याचा वेल मांडवावर चढला आणि पहिल्याच कारल्याने घराण्याची परंपरा राखून कोयत्यासारखं वळण घेतलं. आळूला ओढ्याची ओल मानवली. भोपळ्याची काळजी उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या एका वेलाने परस्पर मिटवली; त्याला खत घालायचं कोणाला सुचलंच नव्हतं, म्हणून तो वाचला होता. भेंडी मात्र कुरकुरत होती. श्राद्धाच्या आदल्या रविवारी मी पाहिलं तेव्हा तिच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या होत्या आणि झाडावर बोटभर दोन-चार शेंगा होत्या. मी काही विचारायच्या आत मेहुणे म्हणाले, "होतंय, होतंय. आठ दिवसांत बघा."

श्राद्धाच्या दिवशी विधी आटोपले, नैवेद्य झाला आणि मी, वहिनी आणि भाची ओळीने पानांवर बसलो. मेहुण्यांनी स्वतः वाढलं. गवार कोवळी होती. भोपळा गोड होता. कारलं कडू, वाकडं आणि निःसंशय घरचं होतं. भेंडी वाढताना ते थोडे थांबले आणि सांगू लागले, की अगदी शेवटच्या आठवड्यात झाड कसं शुद्धीवर आलं, ओढ्याच्या गाळात कशी ताकद असते, आज पहाटे स्वतः कशी तोडली. बोलणं संपलं तरी ते उभेच होते. हातात भांडं होतं, आणि नजर माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे होती. वहिनी खाली मान घालून भात कालवत होत्या. भाची माझ्याकडे बघत होती.

मी एक घास घेतला. मला भाजीतलं फार कळत नाही. माझं आयुष्य पुस्तकांत गेलं. पण पानातल्या भेंडीच्या चकत्या मला दिसत होत्या. सगळ्या एका मापाच्या होत्या, व्हर्निअर लावून घेतल्यासारख्या.

"दादा," मी म्हटलं, "ही बाजारची."

"कशावरून?" आवाज चढलेला होता. "आईची शपथ घेऊ का?"

"तुमच्या दोन भेंड्या कधी सारख्या आल्यात का?"

ते भांडं घेऊन तसेच माझ्यासमोर बसले. आधी हसले. मग डोळे पुसले, मग पुन्हा हसले. "फक्त भेंडी, दाजी. बाकी सगळं घरचं आहे, तिची शपथ. भेंडीनं ऐनवेळी हात दिला नाय हो." थोड्या वेळाने नाक ओढत म्हणाले, "पण तुम्ही उशीर केला. ती पहिल्या घासाला सांगायची."

"पहिलाच होता," मी म्हटलं.

"चावायला वेळ लावलात."

आता मी बहुतेक रविवारी तिकडे जातो. नवी बाग छान धरली आहे. यंदा भेंडीही भरपूर आहे, एकीसारखी दुसरी नाही. तरी मधूनच एखाद्या रविवारी पानात काहीतरी फार सरळ, फार सारखं येतं. बागेत ती भाजी लगडलेली असते, म्हणजे आणायची गरज नसते. मेहुणे वाढतात, बियाण्यापासून हकिगत सांगतात, आणि मग भांडं धरून उभे राहतात. मी सावकाश चावतो.