नळावरच्या मारहाणीची नोंद

गिरण्यांचा संप विझत आला होता तेव्हाची गोष्ट. घाटकोपरच्या आमच्या चाळीत नव्याने राहायला आलेल्या एका बौद्ध बाईला सार्वजनिक नळावर मारलं. तिने हात लावल्याने नळ बाटला म्हणे. तिचा नवरा बँकेत कारकून. तो पोलीस चौकीत गेला, तर तिथे ‘पाण्यावरून किरकोळ भांडण’ एवढंच लिहून घेतलं.

उपनगरांतल्या अशा हल्ल्यांची नोंद ठेवून आमची डावी कामगार संघटना पत्रकं काढायची, म्हणून मी त्याला आमच्या पुढाऱ्याच्या मुलुंडच्या घरी नेलं. तिथे आमची सगळी क्रांती सोफ्यावर बसून चहात बिस्किटं बुडवायची. पुढाऱ्याने मी लिहिलेली हकीकत वाचली आणि ‘जातीवरून’ खोडून ‘पाण्यावरून’ केलं.

“अरे, जात मध्ये आणलीस की कामगारांत फूट पडते.”

“आणि नळावर बाईला बडवलं की एकजूट होते काय?” मी विचारलं.

“तू अजून लहान आहेस रे.”

कारकून उठला. “साहेब, एवढं तर हवालदारानेही लिहून घेतलं होतं. माझ्या बायकोचं नाव काढा त्यातून.”

त्याच्यामागून मीही जिना उतरलो. पत्रक निघालंच. पालिकेने चाळीतले नळ वाढवावेत, अशी त्यात जोरदार मागणी होती.