हवालदारांच्या पोटातली शीर

“डागदर, हितं कुनीतरी कापड पिळतंय बगा.” असे म्हणून हवालदार डाव्या बरगडीखाली मूठ धरत आणि सावकाश फिरवून दाखवत.

लढाई संपत आली होती तेव्हा मी सांगलीच्या एका इस्पितळात नवाच डॉक्टर होतो. हवालदार औंधकडचे. वाळवंटातल्या आघाडीवर त्यांना कावीळ झाली, यकृत कायमचे बिघडले आणि पलटणीने त्यांना घरी पाठवले. पोटात पाणी साठे. ते आम्ही सुईने काढत असू. वॉर्डात मात्र त्यांचाच हुकूम चाले. कडू औषधाला तोंड वाकडे करणाऱ्याला ते खाटेवरूनच दरडावत, “सावधान! तोंड उघड!” आणि तुम्हाला सांगतो, माणसे उघडत.

पाण्यापेक्षा त्यांना ती कळ छळे. मधूनच लघवी लाल होई. आम्ही मूतखडा धरून चाललो होतो, पण एक्स-रेत खडा दिसेना. गावात म्हणत, पितो. घरात म्हणत, रानात जायला नको म्हणून सोंग करतो.

“दारूला कवा शिवलो न्हाई,” ते म्हणत. “आन् सोंग करून लघवी लाल करता येती व्हय?”

हळूहळू ते खंगले. एका सकाळी त्यांनी आमच्या मोठ्या डॉक्टरांना थांबवले. “मेल्यावर मला फाडून बगा. काय घावंल त्ये हिला सांगा.”

पायथ्याशी बायको बसली होती. “आवं, असं काय बोलताय!”

“तू न्हाई म्हनू नगंस.”

ते गेले तेव्हा भावकी अडून बसली, मढ्याला सुरी लावू देणार नाही म्हणाली. बाई दारात उभी राहिली. “त्येंनी सांगितलंय. बगू द्या.”

मूतखडा नव्हताच. यकृताच्या आजाराने पोटातल्या शिरा फुगून दोरखंडासारख्या झाल्या होत्या. त्यांतल्या एकीने डाव्या मूत्रपिंडातून रक्त परत नेणारी शीर दाबून चपटी केली होती. मागे रक्त तुंबले होते. मोठे डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. असे त्यांनीही पूर्वी पाहिले नव्हते.

व्हरांड्यात त्यांनी बाईला सगळे समजावले.

“मंजी खरंच दुखत हुतं?”

“हो. फार.”

“मी बी म्हनायची त्येस्नी, जरा उठून बसा की.” एवढे बोलून तिने पदर तोंडाला लावला.

बाहेर मोटारीपाशी भावकी थांबली होती. थोड्या वेळाने बाई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि बोलू लागली. शब्द आमच्यापर्यंत आले नाहीत. माणसे खाली बघत होती.