अप्पांनी वाचलेला स्कॅन

आमचं घराणं कानडी मुलखात स्थिरावलेल्या मराठी रंगाऱ्यांचं. अप्पांनी तरुणपणी आजोबांच्या हाताखाली लुगडी रंगवली, मग कारखान्यात नोकरी धरली. पण डोळा रंगाऱ्याचाच राहिला. माझ्या साडीखरेदीला आले की कापड दारात उजेडाला नेऊन दुकानदाराला नको नको करून सोडायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यांच्या आतड्यातला कॅन्सर यकृतात गेला होता. केमोचे बरेच डोस झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा पेट स्कॅन करायला सांगितला. औषध लागू पडत असेल तर पुढे चालू ठेवायचं. नसेल, तर त्यांच्याकडे द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं. हे मला डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं.

स्कॅनआधी शिरेतून एक सुई देतात आणि तासभर गप्प बसवतात. अप्पांना सुईपेक्षा गप्प बसणंच जड गेलं.

दुसऱ्या दिवशी मी फिल्म आणि रिपोर्ट घेऊन बोगादीच्या घरी आले. रिपोर्ट रिक्षातच वाचला होता. हात पाय धुऊन बाहेर येते तो अप्पांनी जुनी आणि नवी फिल्म खिडकीशी धरलेली. जुन्या फिल्ममध्ये यकृतावर दोन केशरी ठिपके. नवीत यकृतभर, शिवाय पाठीच्या कण्याजवळही.

"नोड गं, बघ!" अप्पा म्हणाले. "मागच्या टायमाला औषध दोनच जागी पोचलं होतं. आता बघ, कसं सगळीकडे भिनलंय. काय झकास रंग धरलाय!"

त्यांच्या हिशेबाने बरोबरच होतं. रंग धरतो ते कापड चांगलं, कोरं राहतं ते वाईट, हेच ते लहानपणापासून शिकले होते. पण त्या सुईत औषध नसतं, साखर असते. कॅन्सर ती अधाशासारखी खातो आणि जिथे असेल तिथे उजळतो. मी हे सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "हुणसूरला अक्काला फोन पण केला. लई खूष झाली."

माझं डोकंच फिरलं. "डॉक्टरांनी बघायच्या आधी फोन कशाला केलात?" मी ओरडले.

"तुझं सदा असंच. जरा हसायला काय होतं गं तुला?"

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

दुपारी दवाखान्यात डॉक्टरांनी कानडीत, सावकाश, सगळं समजावलं. अप्पांनी पडद्याकडे खूप वेळ पाहिलं आणि एकच विचारलं, "म्हणजे जिथं रंग, तिथं तो?"

डॉक्टरांनी "हौदु" म्हणत होकारार्थी मान हलवली. आता दुखणं कमी ठेवू, एवढंच म्हणाले. अप्पांनी सवयीने हात जोडले.

घरी आलो तर आत्या, म्हणजे अप्पांची अक्का, पायरीवर बसलेली. फोन ठेवल्या ठेवल्या हुणसूरहून बस धरली होती, मांडीवर होळिग्यांचा, पुरणपोळ्यांचा डबा. भाऊ बरा होईपर्यंत गोड खायचं नाही असा तिने चामुंडीला नवस बोलला होता. कॉफीसुद्धा बिनसाखरेची प्यायची.

"आज सोडते बघ नवस," ती म्हणाली. "तुझ्या हातचा पहिला घास दे रे."

खोट्या बातमीवर नवस सुटला हे उद्या कळलं, तर ही बाई सगळा दोष स्वतःच्या माथी घेणार. मी म्हटलं, "आत्या, थांब जरा—"

अप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं. एवढा जोर त्यांच्यात उरला असेल असं वाटलं नव्हतं.

"सुम्ने इर्, गप्प बस," ते हळूच म्हणाले.

त्यांनी होळिगेचा तुकडा मोडून आत्याच्या तोंडात घातला. ती डोळे मिटून चावत राहिली, गालांवरून पाणी वाहत होतं. "डॉक्टर काय म्हणाले रे?" तिने विचारलं.

"आधी खा, अक्का," अप्पा म्हणाले आणि त्यांनी दुसरा तुकडा मोडला.